शिलकेचा हिशेब मागणारा माणूस

अर्थसंकल्पाचे दिवस आले की आपल्याकडे एक खेळ हमखास रंगतो. जो पक्ष सत्तेवर असतो तो खर्चाला विकास म्हणतो आणि विरोधात बसलेला पक्ष त्याच खर्चाला उधळपट्टी म्हणतो. निवडणुकीनंतर बाके बदलली की भाषणेही बदलतात. कालचा उधळ्या आज काटकसरीचे धडे देऊ लागतो. २००३ साली संसदेने वित्तीय जबाबदारीचा कायदा केला, तुटीला वेसण घालण्याची शपथ घेतली. पुढे वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी गरज पडेल तशी ती शपथ लांबणीवरही टाकली. २०२४ साली महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीत एका आघाडीने बहिणींना महिना दीड हजाराचे एकवीसशे करण्याचे वचन दिले, तर दुसरीने तीन हजारांचे. हे पैसे येणार कोठून, हा प्रश्न दोन्हीकडच्या सभांत फारसा कोणाला अडला नाही. तो विचारणारा माणूस गरिबांचा शत्रू ठरण्याची भीती असते, हेही एक कारण असावे.

हा खेळ पाहताना मला दरवर्षी एका माणसाची आठवण येते. तो कधीच सत्तेच्या बाकावर बसला नाही. बसण्याची शक्यताही नव्हती, कारण सत्ता परक्यांची होती. अंदाजपत्रकावर मत देण्याचाही अधिकार त्याला नव्हता. तरीही दशकभर हा माणूस वर्षातून एकदा सरकारच्या हिशेबाची वही उघडून बसे आणि हिंदुस्थानचा व्हाइसरॉय समोर बसून ते ऐकून घेई. या माणसाचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. गांधीजींचे राजकीय गुरू, मवाळांचे पुढारी, भारत सेवक समाजाचे संस्थापक, एवढी ओळख शाळेच्या पुस्तकांनी आपल्याला करून दिली आहे. पण सरकारी पैशाकडे पाहण्याची त्यांची जी नजर होती, तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. माझे सारे नोकरीचे आयुष्य बँकेत, आकड्यांच्या सोबतीत गेले, म्हणून असेल कदाचित, मला मात्र गोखल्यांचे खरे मोठेपण त्या वहीतच दिसते.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळच्या कोतळूक गावचा. वडील कृष्णराव कोल्हापूरच्या बाजूला कागल संस्थानात नोकरीला होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना १८७९ साली ते वारले. थोरले बंधू गोविंदराव स्वतः अठरा-एकोणीस वर्षांचे. त्यांनी शिक्षण सोडले आणि पंधरा रुपये महिन्याची नोकरी धरली. त्या पंधरातले आठ रुपये ते दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळाला पाठवीत आणि उरलेल्या सातांत घर चालवीत.

कादंबरीकार म्हणून मला हा आकडा फार बोलका वाटतो. पंधरातले आठ म्हणजे उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम, आणि तीही शिक्षणावर! आजच्या भाषेत सांगायचे तर त्या घराचे अंदाजपत्रक तुटीचे होते आणि तरीही त्यातला सर्वांत मोठा खर्च एका मुलाच्या शाळेचा होता. गोपाळानेही त्या आठ रुपयांचे मोल जाणले. असे सांगतात, की एकदा एका मित्राने त्याला नाटकाला नेले. गोपाळाला वाटले, मित्र प्रेमाने नेतो आहे. नंतर त्याने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळाने ते मुकाट्याने दिले आणि ती भर काढण्यासाठी दिव्याच्या तेलात काटकसर करून रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास केला. ज्याला दोन आणे कोठून आणि कसे जातात हे अंगावर कळलेले आहे, त्याला पुढे कोट्यवधींच्या हिशेबातही ते दोन आणे दिसत राहतात.

१८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. आय. सी. एस., वकिली, सरकारी नोकरी असे रस्ते समोर होते. तो पुण्यात गेला. टिळक-आगरकरांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाला आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य. पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे शिकवायचे, अशी ती शपथ होती. फर्ग्युसनमध्ये त्यांनी गणित शिकवले, इंग्रजी शिकवले, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवले. ज्या विषयाला माणूस नसेल तो विषय गोखल्यांकडे येई. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक तर कित्येक पिढ्यांच्या हातात होते. ज्या माणसाने व्हाइसरॉयच्या सरकारला बेरीज-वजाबाकी शिकवली त्याने आधी ती शाळकरी पोरांना शिकवली होती, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पण गोखल्यांची खरी शाळा होती न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी. सार्वजनिक सभेचे काम आणि तिचे त्रैमासिक यांच्या निमित्ताने रानड्यांनी या तरुणाला हाताशी धरले आणि वर्षानुवर्षे घासून घेतले. सरकारी अहवाल, निळी पुस्तके, जमाखर्चाची कोष्टके वाचायची, त्यांतून मुद्दा काढायचा, अर्ज लिहायचा आणि तो रानड्यांनी पुन्हा तपासायचा. एकही आकडा कच्चा चालत नसे. याच शाळेतले दुसरे गुरुजी म्हणजे गणेश व्यंकटेश जोशी. हे सोलापूरच्या हायस्कूलचे हेडमास्तर. सरकारी चाकरीत असल्याने जाहीर राजकारणात त्यांना उतरता येत नसे, पण हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा एवढा जाणकार त्या काळी देशात दुसरा नव्हता. पुढे गोखल्यांच्या भाषणांना टाळ्या पडल्या, त्या भाषणांमागचे पुष्कळसे आकडे सोलापूरच्या या मास्तरांच्या टेबलावरून आलेले होते. गोखल्यांनी ते कधी लपवले नाही. आज ज्या कामाला सचिवालये आणि सल्लागार संस्था लागतात, ते काम तेव्हा दोन मास्तर टपालाने करीत होते.

या तयारीची पहिली परीक्षा लंडनमध्ये झाली. हिंदुस्थानचा खर्च कसा होतो हे तपासण्यासाठी १८९५ साली लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमला गेला होता. वेल्बी स्वतः इंग्लंडच्या ट्रेझरीत मुरलेले, पैशाला घट्ट म्हणून प्रसिद्ध. आयोगात दादाभाई नौरोजीही सदस्य होते. १८९७ च्या एप्रिलमध्ये गोखले डेक्कन सभेच्या वतीने साक्षीला उभे राहिले तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते. वाटेत झालेल्या अपघातात छातीला मार लागलेला होता. साक्षीत त्यांनी मांडलेला मुद्दा साधा आणि झोंबणारा होता. इंग्लंडात खर्चावर करदात्यांच्या प्रतिनिधींचा लगाम असतो. हिंदुस्थानात खर्च ठरवणारे वेगळे, लाभ घेणारे वेगळे आणि पैसे भरणारे तिसरेच. त्यामुळे साम्राज्याच्या सरहद्दीवरच्या मोहिमा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार आणि पेन्शनी, ब्रिटिश व्यापाऱ्यांची सोय हे सारे आधी येते आणि रयतेच्या गरजेचा नंबर शेवटी लागतो. आयोगापुढे वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, सुब्रह्मण्य अय्यर यांच्याही साक्षी झाल्या. १९०० साली अहवाल आला, दादाभाई आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी वेगळे मत नोंदवले, आणि बाकी सारे होते तसेच राहिले.

त्याच मुक्कामात गोखल्यांवर आयुष्यातला सर्वांत कडू प्रसंग ओढवला. पुण्यातल्या प्लेगबंदोबस्तात सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी इंग्लंडात जाहीर विधान केले. परत आल्यावर त्याला पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा त्यांनी जाहीर क्षमा मागितली. पुण्यात त्यांची छी थू झाली. काँग्रेसच्या मांडवातही काही काळ त्यांना मान खाली घालून बसावे लागले. मला वाटते, यानंतर गोखल्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली असावी. सिद्ध करता येईल तेवढेच बोलायचे, आणि जे बोलायचे ते सरकारच्याच कागदावरून. हिशेबाच्या वहीकडे ते आता अधिकच निष्ठेने वळले.

१८९९ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले आणि फिरोजशहा मेहतांनी मोकळ्या केलेल्या जागेवर १९०१ साली कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात. रानडे त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. २६ मार्च १९०२ रोजी, लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी असताना, गोखल्यांचे पहिले अंदाजपत्रकी भाषण झाले.

त्या कौन्सिलाची रीत समजून घेतली पाहिजे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती, मतदानाची नाही. सारे ठरून गेल्यावर प्रत्येकाने आपले भाषण करायचे आणि घरी जायचे. बहुतेक सभासद सरकारचे आभार मानून, आपल्या गावच्या एखाद्या रस्त्याची मागणी करून बसत. त्या दिवशी वातावरण तर अभिनंदनाचेच होते, कारण खजिन्यात सात कोटींवर शिल्लक पडली होती. सलग चौथ्या वर्षी अंदाजपत्रक शिलकी. अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ आणि सारे सरकार याचा अर्थ सांगत होते, की देश सुखात आहे.

आणि बाहेर काय होते? १८९६-९७ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा त्याहून भीषण दुष्काळ, त्यात प्लेग. १९०१ च्या जनगणनेत मुंबई इलाख्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली निघाली. माणसे कमी झाली आणि खजिना भरला, हा चमत्कार कसा घडला? गोखल्यांनी तो उलगडून दाखवला.

बँकेतल्या माणसाला हा उलगडा विशेष आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी मोठी रक्कम इंग्लंडात पौंडांत भरावी लागे. पेन्शनी, कर्जावरचे व्याज, लष्कराची देणी असे सारे त्यात येई. तिला होम चार्जेस म्हणत. चांदी उतरली तसा रुपया घसरत गेला. नव्वदीच्या मध्याला तो तेरा पेन्सपर्यंत आला. म्हणजे एका पौंडाला जवळजवळ साडेअठरा रुपये मोजावे लागत. ही खोट भरून काढण्यासाठी सरकारने १८८६ नंतर कर वाढवले. प्राप्तिकर आणला, मिठावरचा कर १८८८ साली मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केला, आयात जकाती बसवल्या. मग १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीला बंद करून सरकारने रुपया दुर्मीळ केला, आणि काही वर्षांत त्याची किंमत सोळा पेन्सवर आणून ठेवली. आता पौंडाला पंधरा रुपये पुरू लागले. प्रत्येक पौंडामागे साडेतीन रुपये वाचले, आणि असे पौंड दरवर्षी कोटी-दीड कोटींहून अधिक. म्हणजे ज्या खोटीसाठी कर वाढवले होते ती खोट गेली, पण कर मात्र तसेच राहिले. शिल्लक पडली ती तिथून. शिवाय रुपया महाग झाला म्हणजे शेतकऱ्याला तोच सारा भरायला धान्य अधिक विकावे लागले. थोडक्यात, ही शिल्लक समृद्धीची नसून जास्तीच्या वसुलीची होती.

आपण घरात असा विचार करतो काय? महिनाअखेर डब्यात पैसे उरले, तर ते बचतीने उरले की पोरांचे दूध तोडून उरले, हे पाहावेच लागते. सरकारच्या डब्याला हाच प्रश्न विचारायचा असतो हे गोखल्यांनी पहिल्यांदा इतक्या स्वच्छपणे दाखवले. मिठाचा खप लोकसंख्येच्या मानाने वाढत नाही, याचा अर्थ गरीब माणूस मीठही मोजून खातो आहे, हे त्यांनी सरकारच्याच तक्त्यांतून काढून दिले. भाषण संपले तेव्हा पस्तीस वर्षांच्या या मास्तराचे नाव देशभर झाले होते.

पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठाचा कर अडीचाचा दोन रुपये झाला. प्राप्तिकराची माफी पाचशेवरून हजार रुपये उत्पन्नापर्यंत वाढली. १९०५ मध्ये मीठ दीड रुपयावर आले, १९०७ मध्ये एक रुपयावर. हे सारे गोखल्यांमुळेच झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. सरकारे असे श्रेय देत नसतात. पण ज्या गोष्टी ते दरवर्षी मागत होते त्या एकामागून एक होत गेल्या, एवढे खरे.

इथवर गोखले म्हणजे कर कमी करा, खर्च कमी करा असे म्हणणारे काटकसरवादी वाटतील. काँग्रेसही पहिल्या अधिवेशनापासून, १८८५ पासून, लष्करी खर्च आटोक्यात आणण्याचे ठराव करीत आली होती. इंग्लंडातल्या उदारमतवादी पक्षाची ग्लॅडस्टनच्या काळापासूनची घोषणाच शांतता, काटकसर आणि सुधारणा अशी होती, आणि आपले मवाळ पुढारी त्या पक्षाकडे आशेने पाहत. हुजूर पक्ष साम्राज्यावर खर्च करणारा, उदारमतवादी हात आखडणारे, अशी ती ढोबळ विभागणी. पण १९०५ च्या अखेरीस उदारमतवादी सत्तेवर आले, मोर्ले भारतमंत्री झाले आणि हिंदुस्थानच्या लष्करी खर्चात कोणतीही क्रांती झाली नाही. दूरदेशीच्या रयतेच्या खिशाबाबत दोन्ही पक्ष सारखेच निघाले. त्याच सुमारास त्या पक्षाने मायदेशी मात्र आपला स्वभाव बदलला होता. १९०८ मध्ये म्हाताऱ्यांना पेन्शन देणारा कायदा झाला आणि १९०९ च्या अंदाजपत्रकात लॉइड जॉर्जनी श्रीमंतांवर त्यासाठी कर सुचवले. काटकसरवाद्यांचा पक्ष खर्चवाद्यांचा झाला होता.

गोखल्यांना मात्र असा कायापालट करावा लागला नाही, कारण ते पहिल्यापासून दोन्ही गोष्टी एकत्र सांगत होते. लष्कर, महागड्या गोऱ्या नोकऱ्या यांवरचा खर्च कमी करा. त्या जागी हिंदी माणसे नेमा, म्हणजे न्यायही होईल आणि पैसेही वाचतील. शिल्लक पडलीच तर ती रेल्वेच्या भांडवलात ओतू नका. ती शाळा, पिण्याचे पाणी, गटारे, शेतकऱ्याचे कर्ज यांसाठी वापरा. सरकारने किती खर्च करावा यावर ते अडून बसले नाहीत. कोणाकडून घेता आणि कोणावर घालता, एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारीत राहिले.

माझ्या नोकरीतली काही वर्षे तालुक्याच्या शाखेत गेली. सरकारी कोषागाराचे काम आमच्याकडे असे. ३१ मार्चची रात्र तेथे दिवाळीसारखी जागती असे. वर्षभर झोपलेली खाती त्या दिवशी जागी होत आणि मंजूर रक्कम परत जाऊ नये म्हणून बिलांचे गठ्ठे येत. एप्रिलमध्ये त्याच काउंटरवर निराधार योजनेच्या महिन्याच्या पैशासाठी म्हाताऱ्या बायका पासबुक घेऊन यायच्या, आणि पैसे आलेले नसायचे. दोन्ही सरकारी खर्चच. आकड्यांच्या बेरजेत दोन्ही एकत्रच मिळतात. गोखल्यांचे म्हणणे मला पुस्तकापेक्षा त्या काउंटरवर अधिक कळले.

त्यांची मुख्य लढाई मात्र अजून यायची होती. १९०४ साली कर्झनच्या सरकारनेच कबूल केले होते, की पाच गावांपैकी चार गावांत शाळा नाही. १९११ च्या जनगणनेत शंभरात सहा माणसेही साक्षर निघाली नाहीत. १९०९ च्या सुधारणांनी सभासदांना ठराव मांडण्याचा हक्क मिळताच गोखल्यांनी मार्च १९१० मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव आणला, आणि १६ मार्च १९११ रोजी विधेयक. विधेयक अगदी सावध होते. सबंध देशात एकदम सक्ती नाही. ज्या गावाच्या नगरपालिकेची वा लोकल बोर्डाची तयारी असेल, आणि जेथे मुले आधीच बऱ्या प्रमाणात शाळेत जात असतील, तेथेच सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना सक्ती. मुलींचे पुढे पाहायचे. दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या पालकाला फी माफ. खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेने उचलायचा आणि दोन हिस्से सरकारने. समोर उदाहरण होते सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याचे. तेथे १८९३ साली अमरेलीत सुरू झालेला प्रयोग १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात लागू झाला होता. एक हिंदी राजा जे करू शकतो ते साम्राज्याला का झेपू नये, हा त्यातला न बोललेला टोमणा.

आणि पैसे कोठून आणणार? हा प्रश्न येणार हे अंकगणिताच्या मास्तराला ठाऊक होते. लष्कराला कात्री लावा, आयात जकात वाढवा, असे मार्ग त्यांनी दाखवले. पण ते तेथेच थांबले नाहीत. वेळ पडली तर मिठावरचा कर पुन्हा थोडा वाढवावा लागला तरी चालेल, असे त्यांनी सांगितले. आपल्या लोकांनी मीठ थोडे कमी खाल्ले तरी परवडेल, पण त्यांची मुले अंधारात वाढायला नकोत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हा क्षण मला त्यांच्या चरित्रातला सर्वांत मोठा वाटतो. ज्या मीठकरासाठी ते वर्षानुवर्षे भांडले, जो खाली येणे हे लोकांच्या डोळ्यांत त्यांचे सर्वांत ठळक यश होते, तोच ते पणाला लावायला तयार झाले. राजकारणी माणूस आपल्या विजयाची पाटी अशी स्वतःच्या हाताने उतरवीत नाही. कोणी म्हणेल, ही विसंगती आहे. मला ती वाटत नाही. गोविंदरावांनी सात रुपयांत घर चालवले तेव्हा त्या घरातही कोणीतरी मीठ कमी खाल्लेच असेल. फरक एवढाच, की सरकारच्या शिलकेसाठी मीठ महाग करणे वेगळे आणि मुलाच्या शाळेसाठी करणे वेगळे. गोखल्यांचा कर कमी करण्याचा आग्रह आणि खर्च वाढवण्याचा आग्रह या एकाच हिशेबाच्या दोन बाजू होत्या.

विधेयकाला काँग्रेसने पाठिंबा दिला, कौन्सिलात तरुण जिना बाजूने बोलले. विरोधात सरकार होते. लोकांची मागणी नाही, प्रांतिक सरकारांची तयारी नाही, पैसा नाही, असे त्याचे म्हणणे. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात शिक्षणासाठी पन्नास लाखांची देणगी जाहीर झाली होती. दरबारातून दान द्यायला राजसत्ता राजी होती, पण शिक्षणाचा हक्क मान्य करायला नव्हती. यात नवल नाही. नवल हे, की आपलेही पुष्कळ सभासद विरोधात गेले. गावची पोरे शाळेत गेली तर शेतावर राबायचे कोणी, अशी धास्ती जमीनदारांना होती. नव्या पट्ट्या बसतील अशी भीती इतरांना. १९ मार्च १९१२ रोजी मते मोजली गेली. बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस. निकाल असाच लागणार हे गोखल्यांना आधीच माहीत होते आणि त्यांनी ते सभागृहात सांगितलेही होते. अपयशाची पायरी कोणीतरी बांधावीच लागते, अशा भावनेने ते त्यात उतरले होते.

त्यांच्या पद्धतीला मर्यादा होत्या, त्या झाकण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय पक्षाचे म्हणणे असे, की तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असताना हिशेबातल्या चुका दाखवून काय होणार? आधी किल्ली घ्या. टिळक स्वतः गणितज्ञ. गोखल्यांचे आकडे त्यांना कळत नव्हते असे नाही. विधेयक पडले तेव्हा ते मंडालेच्या तुरुंगात होते. तेरा विरुद्ध अडतीस या आकड्याने टिळकांच्या पक्षाचे म्हणणे एका अर्थी सिद्धच केले. १९०७ साली सुरतेला फुटलेली काँग्रेस गोखल्यांच्या हयातीत जुळली नाही. ब्रिटिशांच्या न्यायबुद्धीवर त्यांचा जो विश्वास होता तो आज वाचताना भाबडा वाटतो. पण दुसरी बाजूही आहे. किल्ली हाती आल्यावर तिजोरीचे काय करायचे, याचा विचार किल्लीच्या लढाईइतक्याच कसोशीने करणारी माणसे थोडी होती. १९४७ ला किल्ली आली. प्रश्न गोखल्यांचाच उरला.

शेवटच्या वर्षांत त्यांनी शरीराला मोकळीक दिली नाही. मधुमेह होता, हृदय थकले होते. १९१२ मध्ये गांधींच्या लढ्यासाठी दक्षिण आफ्रिकेचा दौरा, त्यानंतर सरकारी नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगाचे काम. १९१४ मध्ये देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते गेले. वय अठ्ठेचाळीस. सिंहगडावरून धावत आलेल्या टिळकांनी स्मशानात त्यांच्या थोरवीची ग्वाही दिली. हयातभरचा प्रतिपक्षी असा उभा राहतो, तेव्हा दोघांचीही उंची कळते.

तीनच वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मंजूर करून घेतला. राज्यघटनेने १९५० साली चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याचे ध्येय ठेवले. २००२ मध्ये तो मूलभूत हक्क झाला, २००९ मध्ये कायदा आला, आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. गोखल्यांच्या विधेयकापासून मोजले तर नव्व्याण्णव वर्षे. या नव्व्याण्णवांत स्वराज्याचीही साठाहून अधिक वर्षे आहेत, हे विसरून चालणार नाही. पैसा नाही, लोकांची मागणी नाही, ही कारणे आपल्याही सरकारांनी वेगवेगळ्या शब्दांत दिलीच.

आजच्या पक्षांना गोखल्यांचा आधार घेता येईल काय? काटकसरवाल्यांनी घेतला तर त्यांना शाळेवर आणि पाण्यावर खर्च वाढवावा लागेल. वाटपवाल्यांनी घेतला तर त्यांना कर कोणावर बसवणार हे सभेतच सांगावे लागेल, तेही टाळ्यांची पर्वा न करता. दोघांनाही ते गैरसोयीचे आहेत, म्हणूनच बहुधा त्यांचे पुतळे असतात, जयंत्या होतात आणि भाषणे मात्र कपाटात राहतात. ग्रंथालयात ती मिळतात. आकडे जुने आहेत, मण आणि आणे आता कोणाला कळत नाहीत. पण पुढचे अंदाजपत्रक सादर होईल त्या संध्याकाळी त्यांतले १९०२ चे एक भाषण जरी वाचले, तरी दूरदर्शनच्या पडद्यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला, ते वाचकाला आपोआप कळेल.